नव्या पिढीचा कन्सोल आणि जुन्या खरेदीचा हिशेब : एक संवाद

दूरचित्रवाणी संचाला जोडून केवळ खेळ खेळण्यासाठी बनवलेल्या संगणकाला कन्सोल म्हणतात, आणि साधारणपणे सहा-सात वर्षांनी त्याचे निर्माते अधिक शक्तिमान यंत्र बाजारात आणून जुन्याची जागा त्याला देतात, तेव्हा कन्सोलची पिढी बदलली असे मानले जाते. सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ३ हा २००६ मध्ये, प्लेस्टेशन ४ हा २०१३ मध्ये आणि प्लेस्टेशन ५ हा २०२० मध्ये जागतिक बाजारात आला, तर मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स ३६०, एक्सबॉक्स वन आणि एक्सबॉक्स सीरिज (एक्स व एस) ही यंत्रे अनुक्रमे २००५, २०१३ आणि २०२० मध्ये आली. जुने यंत्र अपुरे पडू लागले की खेळणाऱ्या घरापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो : त्याच कंपनीचे नवे यंत्र घ्यावे, की या निमित्ताने दुसरीकडे जावे? या प्रश्नात ‘प्लॅटफॉर्म’ हा शब्द यंत्रापुरता मर्यादित नसतो. यंत्र, त्यावरचे खाते, त्या खात्यातून विकत घेतलेले खेळ, अर्धवट खेळलेल्या डावांच्या नोंदी, मित्रांची यादी आणि कंपनीचे ऑनलाइन दुकान या सर्वांची मिळून जी व्यवस्था बनते तिला प्लॅटफॉर्म म्हणतात, आणि तो बदलणे म्हणजे ही सगळी व्यवस्था बदलणे होय.

महानगरातील सधन घरात हा प्रश्न हौसेचा असू शकतो, कारण तेथे दोन्ही कंपन्यांची यंत्रे शेजारी शेजारी ठेवता येतात. पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील नवापूरसारख्या गावात त्याला वेगळे वजन येते. बोईसर रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेला, एका बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ पासून वीजनिर्मिती करणारे अणुऊर्जा केंद्र, तर दुसऱ्या बाजूला मासेमारीवर जगणारी किनारी वस्ती, अशा पट्ट्यात हे गाव आहे. येथल्या पगारदार घरासाठी कन्सोल ही वर्षातील मोठ्या खरेद्यांपैकी एक ठरते, आणि निवड चुकली तर ती दुरुस्त करण्यासाठी पुन्हा तेवढेच पैसे उभे करणे सोपे नसते. एप्रिल २०१३ मध्ये विरार-डहाणू उपनगरी गाड्या सुरू झाल्यापासून मुंबईचा बाजार जवळ आला खरा, तरीही ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने बोईसरपासून सुमारे शंभर किलोमीटर दूर आहेत.

या प्रश्नाच्या दोन बाजू पुढे एका कल्पित संवादातून मांडल्या आहेत. त्यातील थोरला भाऊ औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो, त्याच्याकडे प्लेस्टेशन ४ आणि त्याच्या डिस्कचा संग्रह आहे, आणि त्याच कंपनीकडे राहावे असे त्याचे मत आहे. धाकटी बहीण महाविद्यालयात शिकते आणि प्लॅटफॉर्म बदलावा या बाजूने बोलते. व्यक्ती कल्पित असल्या तरी त्यांच्या तोंडच्या किमती, तारखा आणि तांत्रिक बाबी प्रत्यक्षातील आहेत.

पिढीची भिंत

बहीण : दादा, प्लॅटफॉर्म बदलायचा असेल तर हीच वेळ योग्य आहे, कारण नवे यंत्र कोणाकडूनही घेतले तरी पैसे नव्यानेच मोजायचे आहेत. जुना कन्सोल बाजूला ठेवला की सोनी काय किंवा मायक्रोसॉफ्ट काय, दोघेही आपल्याला सारखेच. मग केवळ सवयीपोटी जुन्याच नावाला चिकटून राहण्यात काय अर्थ आहे?

भाऊ : ते दोघे सारखे असते, तर तुझे म्हणणे लगेच पटले असते. प्लेस्टेशन ३ वरून ४ वर जाताना ते खरोखरच सारखे होते, कारण जुनी डिस्क नव्या यंत्रात चालतच नव्हती. आता तसे राहिलेले नाही. प्लेस्टेशन ४ चे चार हजारांहून अधिक खेळ आहेत आणि त्यातले अगदी मोजके वगळता सगळे प्लेस्टेशन ५ वर चालतात. म्हणजे कपाटातल्या डिस्क एका कंपनीच्या नव्या यंत्रात चालतील आणि दुसरीच्या यंत्रात निरुपयोगी ठरतील.

भावाने उल्लेखलेल्या बदलाचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. जुन्या यंत्रासाठी लिहिलेला खेळ नव्या यंत्रावर चालण्याच्या गुणाला मागील सुसंगतता म्हणतात. प्लेस्टेशन ३ मध्ये सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून घडवलेला ‘सेल’ नावाचा प्रोसेसर होता आणि त्याची रचना इतर संगणकांपेक्षा इतकी वेगळी होती की त्यासाठी लिहिलेले खेळ पुढच्या यंत्रावर जसेच्या तसे चालवणे व्यवहार्य ठरले नाही. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोघांनीही एएमडी कंपनीचे, घरगुती संगणकाच्या कुळातले प्रोसेसर स्वीकारले, पुढच्या पिढीनेही तेच कूळ कायम ठेवले, आणि त्यामुळे दोन पिढ्यांमधली भिंत बरीच खाली आली. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून एक्सबॉक्स ३६० चे निवडक खेळ एक्सबॉक्स वनवर चालते केले आणि सीरिज एक्सवर तर चार पिढ्यांमधील हजारो खेळ चालतात. या घडामोडींनी पिढी बदलणे सोपे केले, मात्र त्याच प्रमाणात कंपनी बदलणे महाग केले, कारण जेथे जुनी मालमत्ता पुढे नेता येते ती जागा सोडणाऱ्याचे नुकसान अधिक होते.

बहीण : मग आणखी दोन वर्षे प्लेस्टेशन ४ वरच का काढू नयेत?

भाऊ : तोही एक खरा पर्याय आहे आणि जगात पुष्कळांनी तो स्वीकारला. नवा कन्सोल येऊन साडेतीन वर्षे झाल्यानंतरही, २०२४ मध्ये, सोनीच्या मासिक सक्रिय खेळाडूंपैकी जवळपास निम्मे प्लेस्टेशन ४ वरच होते. मात्र आता नवे मोठे खेळ जुन्या यंत्रासाठी निघणे थांबत चालले आहे. ग्रँड थेफ्ट ऑटोचा सहावा भाग नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार १९ नोव्हेंबर २०२६ रोजी यायचा आहे, आणि तो केवळ प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सीरिज यांच्यासाठी जाहीर झाला आहे. म्हणून थांबायचे तर कोणत्या खेळापर्यंत थांबायचे, हे आधी ठरवायला हवे.

यंत्राची किंमत आणि खेळाची किंमत

भारतात एक्सबॉक्स सीरिज एस हे यंत्र नोव्हेंबर २०२० मध्ये ३४,९९० रुपयांना आणि सीरिज एक्स ४९,९९० रुपयांना आले. प्लेस्टेशन ५ येथे जागतिक विक्रीनंतर जवळपास तीन महिन्यांनी, २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला, तेव्हा डिस्क वाचणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये आणि डिस्कची सोय नसलेल्या डिजिटल आवृत्तीची ३९,९९० रुपये होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये या दोन्ही किमती पाच-पाच हजारांनी वाढल्या. एरवी इलेक्ट्रॉनिक यंत्रे काळाबरोबर स्वस्त होतात, पण या पिढीत पहिल्या दिवशी न घेतलेले यंत्र दीड-दोन वर्षांनी अधिक महाग मिळाले, ही बाब निर्णय लांबवणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बहीण : डिस्कवाला प्लेस्टेशन आणि सीरिज एस यांच्या सुरुवातीच्या किमतींत पंधरा हजारांचा फरक होता. आपल्या घरात पंधरा हजारांना काय अर्थ आहे, हे वेगळे सांगायला नको.

भाऊ : त्या पंधरा हजारांकडे खेळांच्या भाषेत पाहू या. प्लेस्टेशन ५ बरोबर सोनीच्या स्वतःच्या नव्या खेळांची किंमत भारतात ३,९९९ वरून ४,९९९ रुपयांवर गेली, तेव्हा हा फरक तीन नव्या खेळांचा झाला. सीरिज एसमध्ये डिस्क घालण्याची जागाच नाही, म्हणजे प्रत्येक खेळ कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून, ते दुकान सांगेल त्या दराने घ्यावा लागणार. डिस्क असेल तर ती बोईसरमधल्या मित्राकडून वापरलेली घेता येते, खेळून झाल्यावर विकता येते, किंवा दोन घरे मिळून एकच खेळ घेऊ शकतात. तीन-चार खेळ असे फिरले की पंधरा हजार भरून निघतात.

बहीण : पण हा हिशेब डिस्क फिरवणाऱ्याचा आहे. जो वर्षाला दोनच खेळ घेतो आणि सवलतीच्या दिवसांची वाट पाहतो, त्याला ऑनलाइन दुकानातही खेळ निम्म्या किमतीत मिळतात, आणि विरारपर्यंत उभ्याने प्रवास करून डिस्क आणण्याचे कष्टही वाचतात.

येथे दोघांचेही म्हणणे खरे आहे, कारण ते दोन वेगळ्या प्रकारच्या ग्राहकांविषयी बोलत आहेत. एक बाब मात्र दोघांनाही सारखीच लागू होते, ती म्हणजे भारतीय ग्राहकापुढे जगातील सर्व पर्याय नसतात. निन्टेन्डो कंपनीने स्विच आणि जून २०२५ मध्ये आलेला स्विच २ हे कन्सोल भारतात अधिकृतपणे विक्रीस आणलेले नाहीत, त्यामुळे ते परदेशातून आणलेल्या मालाच्या रूपाने मिळतात आणि बिघडल्यास दुरुस्तीची हमी मिळत नाही. प्लेस्टेशन ५ प्रो हे अधिक शक्तिमान यंत्र नोव्हेंबर २०२४ मध्ये इतर देशांत आले तेव्हा ते भारतात आले नाही, कारण ज्या ६ गिगाहर्ट्झ लहरींवर त्याचे वायफाय चालते त्या लहरी त्या वेळी येथे घरगुती वायफायसाठी खुल्या नव्हत्या. उलट सरकारी निर्णयाने ग्राहकाला लाभही झाला आहे : कन्सोलवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. परदेशी समीक्षकांनी केलेली यंत्रांची तुलना येथे जशीच्या तशी लागू होत नाही, ती या कारणांमुळे.

मागे राहणारी मालमत्ता

भाऊ : आता खर्चाच्या पलीकडचा मुद्दा. आपल्याकडच्या मालमत्तेचे तीन भाग आहेत. पहिला डिस्कचा, दुसरा खात्यातून विकत घेतलेल्या डिजिटल खेळांचा आणि तिसरा डावांच्या नोंदी व खेळताना मिळालेल्या ट्रॉफींचा. एक्सबॉक्सकडे गेलो तर पहिला भाग विकून काही पैसे परत मिळतील, दुसऱ्याचे काहीच मिळणार नाही, आणि तिसरा बहुतांश तसाच मागे राहील.

बहीण : तिसरा भाग पूर्ण मागे राहतो असे नाही. द विचर ३ च्या डिसेंबर २०२२ मधल्या मोफत सुधारणेनंतर एका यंत्रावरचा डाव दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर पुढे खेळता येतो, आणि बाल्डर्स गेट ३ मध्येही निर्मात्याच्या खात्यामार्फत ती सोय आहे. शिवाय ज्या खेळांची मजा घेऊन झाली ते मागे राहिले तर त्यात मोठे नुकसान कोणते? डिस्कचे म्हणशील, तर पंधरा डिस्कपैकी मागच्या वर्षभरात किती लावल्या?

बहिणीचा हा शेवटचा प्रश्न या चर्चेत अत्यंत महत्त्वाचा आहे, कारण जुना संग्रह मोठा असणे आणि तो वापरात असणे यांत अंतर असते. खर्चून झालेल्या पैशाचे ओझे पुढच्या निर्णयावर पडू देऊ नये, असे अर्थशास्त्र सांगते, आणि जो खेळ पुन्हा कधीच खेळला जाणार नाही त्याच्यासाठी प्लॅटफॉर्मला बांधून घेणे हे त्या ओझ्याचेच उदाहरण आहे. मात्र त्याच तर्काने हेही लक्षात घेतले पाहिजे की संग्रह पुढे न्यायचा असेल तर यंत्राची आवृत्ती नीट निवडावी लागते. प्लेस्टेशन ५ ची सुरुवातीची डिजिटल आवृत्ती स्वस्त असली तरी तिच्यात डिस्क घालता येत नसल्याने प्लेस्टेशन ४ च्या डिस्क तिच्यावर चालत नाहीत, आणि डिस्कचा संग्रह असलेल्या घराने ती घेतली तर कंपनी न बदलताही त्याचे नुकसान कंपनी बदलल्यासारखेच होते.

बहीण : दादा, डिजिटल खेळ आपल्या मालकीचे आहेत असे तू धरून चालला आहेस, तेच मुळात तपासायला हवे. निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांची ऑनलाइन दुकाने मार्च २०२३ मध्ये बंद केली. एक्सबॉक्स ३६० चे दुकान २९ जुलै २०२४ रोजी बंद झाले. सोनीनेही २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ चे दुकान बंद करण्याची घोषणा केली होती आणि खेळाडूंचा विरोध पाहून ती मागे घेतली. युबिसॉफ्टने द क्रू हा खेळ मार्च २०२४ अखेर बंद केला, तेव्हा ज्यांनी तो पैसे देऊन घेतला होता त्यांनाही तो खेळता येईना.

भाऊ : दुकान बंद झाल्यावरही आधी विकत घेतलेले खेळ पुन्हा डाउनलोड करू देण्याची सोय निन्टेन्डो व मायक्रोसॉफ्टने चालू ठेवली होती, हेही सांग.

बहीण : ठेवली, पण ती त्यांच्या इच्छेने ठेवली. आपल्या हातात जे असते तो वापराचा परवाना असतो. म्हणूनच कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने विक्रेत्यांना हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. परवानाच जर असेल, तर त्याच्या निष्ठेपोटी पुढची सात वर्षे एका कंपनीला का द्यावीत?

भाऊ : तुझा हा युक्तिवाद जितका बदलाच्या बाजूने आहे तितकाच डिस्कच्याही बाजूने आहे. आणि आपल्या किनाऱ्यावरचाच दाखला द्यायचा तर, मच्छीमाराला होडी बदलणे जड जात नाही, बंदर बदलणे जड जाते, कारण बर्फ, डिझेल, उधारी देणारी सोसायटी आणि ओळखीचा व्यापारी हे सगळे बंदराला बांधलेले असते. नव्या कंपनीकडे जाताना तेथेही हीच बांधणी पुन्हा करावी लागेल आणि ती कंपनीही परवानाच देईल.

मालमत्तेच्या या हिशेबात परदेशी जाणाऱ्यांसाठी आणखी एक बाब येते. प्लेस्टेशनचे खाते उघडताना निवडलेला देश पुढे बदलता येत नाही, तर एक्सबॉक्सच्या खात्यात तो तीन महिन्यांतून एकदा बदलता येतो. ज्या घरातील कोणी नोकरीसाठी आखाती देशात किंवा अन्यत्र जाणार असेल, त्याच्यासाठी हा फरक यंत्राच्या वेगापेक्षा महत्त्वाचा ठरू शकतो.

सोबती कोठे आहेत

एका यंत्रावरचा खेळाडू दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरील खेळाडूबरोबर खेळू शकतो, या सोयीला क्रॉसप्ले म्हणतात. सोनीने दीर्घकाळ विरोध केल्यानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये फोर्टनाइट या खेळापासून तिला परवानगी दिली आणि त्यानंतर ती पसरत गेली.

बहीण : महाविद्यालयातले मित्रमैत्रिणी एक्सबॉक्सवर आणि संगणकावर आहेत. सोबत खेळायचे तर तिकडे जायला हवे.

भाऊ : पूर्वी जावेच लागले असते. आता कोणता खेळ खेळायचा आहे त्यावर ते अवलंबून आहे. फुटबॉलच्या फिफा २३ मध्ये २०२२ साली क्रॉसप्ले आला, पण तो एकाच पिढीतल्या यंत्रांपुरता होता. प्लेस्टेशन ५ वाला एक्सबॉक्स सीरिजवाल्याशी खेळू शकत होता, मात्र प्लेस्टेशन ४ वाला स्वतःच्याच कंपनीच्या प्लेस्टेशन ५ वाल्याशी त्या सोयीने खेळू शकत नव्हता. म्हणजे सोबत्यांपासून आपल्याला तोडते ते यंत्राचे जुने वय, त्यावरचे नाव नव्हे.

या निरीक्षणाला अलीकडच्या घडामोडींनी पुष्टी मिळते. एखादा खेळ एकाच कंपनीच्या यंत्रावर मिळणे, म्हणजेच एक्सक्लुझिव्ह असणे, हे प्लॅटफॉर्म निवडण्याचे मुख्य कारण मानले जात असे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले चार खेळ इतर यंत्रांवर नेण्याचे जाहीर केले, एप्रिल २०२५ मध्ये फोर्झा होरायझन ५ हा मोटारशर्यतीचा खेळ प्लेस्टेशन ५ वर आला आणि ऑगस्टमध्ये गीअर्स ऑफ वॉर आला. सोनीनेही २०२० पासून आपले मोठे खेळ संगणकावर आणले असून ऑगस्ट २०२५ मध्ये हेलडायव्हर्स २ एक्सबॉक्सवर दिला. तथापि ही देवाणघेवाण समसमान नाही : मायक्रोसॉफ्टचे खेळ प्लेस्टेशनवर येण्याचे प्रमाण मोठे आहे, तर सोनीचे कथाप्रधान खेळ एक्सबॉक्सवर येत नाहीत. त्यामुळे केवळ खेळांच्या उपलब्धतेने पाहिल्यास भावाची बाजू जड होते.

भाड्याचा मार्ग

बहीण : मग खेळ विकत घेण्याचाच आग्रह का धरावा? गेम पास ही मायक्रोसॉफ्टची योजना २०१७ पासून आहे. दरमहा ठरावीक रक्कम भरली की शेकडो खेळ खेळता येतात. विद्यार्थ्याला परवडणारा हाच मार्ग आहे आणि तो प्लॅटफॉर्म बदलण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

भाऊ : तो मार्ग चांगला होता हे नाकारता येणार नाही, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या योजनेची फेररचना होऊन वरच्या श्रेणीचा दर मोठ्या प्रमाणात वाढला. भाड्याच्या घराचा मालक भाडे वाढवू शकतो. सोनीकडेही जून २०२२ पासून प्लस एक्स्ट्रा ही तशीच श्रेणी आहे, आणि प्लेस्टेशन ४ पासून ऑनलाइन मित्रांबरोबर बहुतेक विकतचे खेळ खेळायचे तर प्लसचे सदस्यत्व लागतेच. म्हणजे भाडे दोन्हीकडे आहे.

बहीण : भाडे वाढले तर ते भरणे थांबवता येते, हाही भाड्याचाच फायदा आहे. विकत घेतलेले यंत्र तसे परत करता येत नाही. परीक्षेच्या दोन महिन्यांत सदस्यत्व बंद ठेवायचे आणि सुट्टीत चालू करायचे, एवढे स्वातंत्र्य मिळते.

सदस्यत्वाचा विचार करताना इंटरनेटच्या जोडणीचाही विचार करावा लागतो, कारण असे खेळ बहुधा डाउनलोड करून खेळायचे असतात. आजचे मोठे खेळ शंभर जीबीपर्यंत किंवा त्याहून अधिक जागा घेतात, आणि सेकंदाला ३० मेगाबिट वेगाची जोडणी अखंड चालली तरी शंभर जीबी उतरायला सुमारे साडेसात तास लागतात. ज्या घरात फायबरची जोडणी नाही आणि मोबाइलच्या दैनंदिन दीड-दोन जीबीवर सगळे भागवायचे आहे, तेथे भाड्याचे शेकडो खेळ कागदावरच राहतात. सीरिज एसच्या ५१२ जीबीपैकी खेळांसाठी सुमारे ३६४ जीबीच मिळतात, म्हणून जागेसाठी एक खेळ काढून दुसरा घालावा लागला की तोच डाउनलोड पुन्हा करावा लागतो. डिस्कमुळे हा भार पूर्ण टळत नाही, कारण नंतरच्या सुधारणा उतरवाव्याच लागतात, पण तो बराच हलका होतो.

कन्सोलच सोडण्याचा पर्याय

बहीण : एवढ्या चर्चेनंतर खरा पर्याय एक्सबॉक्सचा नसून संगणकाचा आहे, असे म्हणावेसे वाटते. मायक्रोसॉफ्टचे खेळ संगणकावर येतात, सोनीचे थोड्या उशिरा येतात, स्टीम या दुकानात २०१५ पासून रुपयांत किमती आहेत, ऑनलाइन खेळण्यासाठी वेगळे सदस्यत्व लागत नाही, आणि तेच यंत्र अभ्यासालाही उपयोगी पडते. कंपनी कोणतीही असो, पुढच्या पिढीत भिंत पुन्हा उभी राहिली तर तिचा त्रास संगणकाला होणार नाही.

भाऊ : ‘थोड्या उशिरा’ म्हणजे किती, ते पाहा. एप्रिल २०१८ चा गॉड ऑफ वॉर संगणकावर जानेवारी २०२२ मध्ये आला. ग्रँड थेफ्ट ऑटोचा पाचवा भाग सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर आणि एप्रिल २०१५ मध्ये संगणकावर आला, आणि सहावा तर संगणकासाठी अजून जाहीरही नाही. शिवाय कन्सोलइतके चित्र देणारा संगणक कन्सोलच्या किमतीत बसत नाही, आणि स्टीमवरचा खेळही विकता येत नाही.

बहीण : पण संगणक घ्यायचाच आहे, हे तू विसरतोस. अभ्यासासाठीच्या साध्या संगणकाचे पैसे बाजूला काढले, तर खेळांसाठीचा अधिकचा खर्च किती, एवढाच प्रश्न उरतो.

भाऊ : हे मान्य. ज्या घरात संगणकाची गरज आधीपासून आहे तेथे तुझा हिशेब बरोबर ठरतो. फक्त सगळ्या घराने मिळून दूरचित्रवाणीसमोर बसून खेळण्याचे सुख त्यात कमी होते, एवढे लक्षात ठेव.

महाराष्ट्राच्या स्वतःच्या खेळनिर्मितीकडे पाहिल्यास प्लॅटफॉर्मचा प्रश्न केवळ ग्राहकाचा नाही, हेही दिसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा, भारतीय पुराणकथांच्या वातावरणातला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर प्रसिद्ध झाला आणि संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर तो ऑक्टोबरमध्ये आला. पुण्यात घडलेला खेळ सर्वप्रथम ज्या यंत्रावर आला ते यंत्र भारतात अधिकृतपणे मिळतच नव्हते. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ मध्ये ‘इंडस’ हा खेळ मोबाइलसाठी काढला, कारण येथील बहुसंख्य खेळाडू मोबाइलवरच आहेत. निर्मात्यालाही आपला खेळाडू कोठे आहे हे पाहूनच प्लॅटफॉर्म ठरवावा लागतो, आणि येथील खेळाडूने कोणते यंत्र घेतले याचा परिणाम उद्या येथे कोणते खेळ बनतील यावर होतो.

निर्णय केव्हा होतो

या संवादात कोणा एकाचा पूर्ण विजय झालेला नाही आणि तसा तो होण्याचे कारणही नाही, परंतु दोघांच्या युक्तिवादांतून एक गोष्ट निश्चितपणे हाती लागते. प्लॅटफॉर्म बदलण्याचे स्वातंत्र्य नवे यंत्र बाजारात येते त्या दिवशी मिळत नसते, ते त्याआधीच्या सहा-सात वर्षांतल्या प्रत्येक लहान खरेदीने टिकवलेले किंवा गमावलेले असते. ज्याने डिस्क घेतल्या तो त्या विकून निघू शकतो, ज्याने कंपनीपलीकडे नोंदी नेता येणारे खेळ निवडले त्याचा डाव त्याच्याबरोबर येतो, आणि ज्याने सवलतीच्या मोहाने प्रत्येक वेळी त्याच एका दुकानातून डिजिटल खेळ घेतले त्याचा निर्णय नकळत कधीच होऊन गेलेला असतो. कंपन्यांना ही गोष्ट पूर्ण ठाऊक आहे. स्वस्त यंत्रातून डिस्कची जागा काढून टाकणे हा किंमत कमी करण्याचा मार्ग आहेच, पण त्याच वेळी तो ग्राहकाला एका दुकानात आणून बसवण्याचाही मार्ग आहे.

म्हणून नवापूर, बोईसर किंवा पालघरच्या घराने निर्णय घेताना यंत्रांच्या शक्तीची आकडेवारी सर्वांत शेवटी पाहावी. वर्षभरात प्रत्यक्ष खेळले गेलेले खेळ कोणते आणि त्यातील किती डिस्कवर आहेत, ज्यांच्याबरोबर खेळायचे ते कोणत्या पिढीच्या यंत्रावर आहेत, घरातील जोडणी महिन्याला किती जीबी सहज पेलते आणि संगणक अन्य कामासाठी घ्यायचाच आहे का, हे आधी पाहावे. ज्या घरात डिस्कचा वापरता संग्रह आहे आणि जोडणी मर्यादित आहे, त्याने जुन्याच कंपनीचे डिस्क वाचणारे यंत्र घ्यावे. जेथे जुना संग्रह केवळ कपाटात आहे, जोडणी चांगली आहे आणि संगणकाची गरज आहे, तेथे बदल करण्यास घाबरू नये.

निवड कोणतीही झाली, तरी तिच्या दुसऱ्या दिवसापासून पुढच्या पिढीची तयारी सुरू होते. जो खेळ डिस्कवर मिळतो तो शक्य तेथे डिस्कवर घ्यावा, सदस्यत्व वर्षाचे घेण्याऐवजी गरजेपुरते घ्यावे, आणि डिजिटल खरेदी करताना तो पैसा परत मिळणार नाही असे धरूनच ती करावी. पगारातून वाचवलेल्या पैशाने खेळ घेणाऱ्याला पुढच्या वेळी दोन्ही बाजूंना मोकळेपणाने पाहता आले पाहिजे, आणि तो मोकळेपणा कोणतीही कंपनी देणार नसल्यामुळे तो प्रत्येक खरेदीच्या वेळी त्याने स्वतःच राखला पाहिजे.